घर घेण्यापूर्वी घराची नाडी पाहा

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी एक वृद्ध दांपत्य नेहमीच्या तपासणीसाठी आले होते. काका निवृत्त मुख्याध्यापक, वय ७४; काकू ७० वर्षांच्या. काकूंना दम्याचा जुना विकार आणि काकांचे दोन्ही गुडघे झिजलेले. पुण्यातले त्यांचे राहते घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत. बाजारातून भाजी घेऊन येणाऱ्या काकू प्रत्येक मजल्यावर कठड्याला धरून उभ्या राहत, श्वास जुळला की पुढची पायरी चढत. अखेर दोघांनी ठरवले, की हे घर विकावे आणि तळमजल्यावरची एखादी सदनिका घ्यावी.

त्या दिवशी काका प्रसन्न होते. सदनिका मिळाली होती. इमारत ३२ वर्षांची. पण विकणारे गृहस्थ काकांचे शाळेतले जुने सहकारी, घर नुकतेच रंगवलेले, बाजार आणि दवाखाना जवळ. दिवाळीनंतर साठेखत करायचे ठरले होते. मी विचारले, "घर तपासून घेतलेत का?"

"वकिलांनी सगळे कागद पाहिले आहेत," काका म्हणाले.

"कागद नव्हे, घर."

काका क्षणभर गप्प झाले. मग किंचित दुखावल्या स्वरात म्हणाले, "डॉक्टर, तीस वर्षांची ओळख आहे. त्यांच्या घरी अभियंता घेऊन गेलो तर त्यांना काय वाटेल?"

या प्रश्नासाठीच आजचे सदर लिहावेसे वाटले. उतारवयात घर घेणाऱ्या बहुतेकांच्या मनात ही भीड असते आणि या भिडेची किंमत पुढे पैशाने, श्वासाने आणि झोपेने चुकवावी लागते.

तपासणी म्हणजे अविश्वास नव्हे

मोतीबिंदूची साधी शस्त्रक्रिया असली तरी त्यापूर्वी रक्तातली साखर पाहिली जाते, रक्तदाब मोजला जातो, हृदयाचा आलेख काढला जातो. रुग्ण खोटे बोलत असेल, असा त्यामागे संशय नसतो. शरीराच्या आत काय चालले आहे, हे पुष्कळदा त्या शरीराच्या मालकालाही ठाऊक नसते, एवढाच त्याचा अर्थ. घराचेही तसेच आहे. वीस वर्षे त्याच घरात राहिलेल्या प्रामाणिक माणसालाही आपल्या डोक्यावरच्या स्लॅबमधली सळई गंजली आहे की नाही, हे माहीत नसते. तेव्हा तपासणी ही विकणाऱ्याची परीक्षा नसून वास्तूची प्रकृती पाहणे आहे.

तरुणपणी घराची निवड चुकली तर माणूस ती सुधारू शकतो. पगार चालू असतो, अंगात बळ असते, पुन्हा घर बदलता येते. सत्तरीत हे तिन्ही उरत नाही. निवृत्तीचा सारा निधी आणि जुन्या घराची विक्री मिळून एकच घर होते. म्हणून ज्याला ती चूक परवडणार नाही, त्याने तपासणी सर्वांत आधी करून घ्यावी.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. 'बँकेचा माणूस घर पाहून गेला होता' असे पुष्कळजण सांगतात. बँकेचा मूल्यांकनकार प्रामुख्याने आपले कर्ज त्या मालमत्तेतून वसूल होईल का, एवढे पाहतो. न्हाणीघरातून पाणी झिरपते का, किंवा काकूंच्या दम्याला ते घर मानवेल का, हा त्याचा विषय नसतो. त्यातून ज्येष्ठ मंडळी बहुधा कर्ज न काढता रोख घर घेतात. म्हणजे बँकेची तेवढीही नजर त्या घरावरून फिरत नाही.

तीन माणसे, तीन कामे

घर घेताना तीन प्रकारच्या जाणकारांची गरज पडते. एकाचे काम दुसऱ्याने केले असे मानू नये.

पहिले वकील. मालकी कोणाची, घरावर बोजा आहे का, हे ते पाहतात. दुय्यम निबंधकांच्या नोंदींवरून साधारण ३० वर्षांचा शोध अहवाल, इंडेक्स-२, गृहनिर्माण संस्थेचे भागपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला आणि महापालिकेचे भोगवटा प्रमाणपत्र ही मुख्य कागदपत्रे. जमीन संस्थेच्या नावावर झाली आहे का, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण पूर्ण झाले आहे का, हेही विचारावे. उद्या इमारतीचा पुनर्विकास करायची वेळ आली, की या कागदाचे महत्त्व कळते.

दुसरे भूमापक. बंगला, रो-हाउस किंवा गावाकडचे घर घेताना त्यांची गरज लागते. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष कुंपणाच्या आतली जागा यांत कधीकधी फरक असतो. भूमी अभिलेख कार्यालयाकडे अर्ज करून हद्दीची सरकारी मोजणी करून घेता येते. कोकणात निवृत्तीनंतर राहण्यासाठी जुने घर घेणाऱ्या मुंबईकरांनी तर ही मोजणी कधीही टाळू नये. चुलत्यांशी वाद असलेल्या गडग्याचा प्रश्न विकत घेणे उतारवयाला झेपत नाही.

तिसरे अभियंता. स्थापत्य अभियंता, आणि इमारत जुनी असल्यास संरचना अभियंता. प्रत्यक्ष घराची तपासणी हेच करतात आणि नेमके हेच काम आपल्याकडे बहुधा वगळले जाते.

अभियंता काय पाहतो?

काकांनी अखेर मुलीच्या आग्रहाखातर एका अनुभवी अभियंत्याला बोलावले. काकूंच्या सांगण्यावरून मीही गेलो. ती तपासणी जवळून पाहिल्यामुळे तिचा क्रम येथे सांगता येईल.

अभियंता घरात शिरण्यापूर्वी इमारतीभोवती फिरला. वाहनतळातल्या खांबांपाशी तो थांबला आणि लहान हातोडीने त्याने गिलाव्यावर हलकेच ठोकले. दोन खांबांतून भरीव आवाज आला, तिसऱ्यातून पोकळ. त्या खांबावर एक उभी, सरळ भेग वरपासून खालपर्यंत गेली होती.

त्याने तिचा अर्थ समजावला. चांगले काँक्रीट अल्कधर्मी असते. त्यामुळे आतल्या पोलादी सळईवर एक संरक्षक थर टिकून राहतो. वर्षानुवर्षे हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा आत शिरत गेला, की ही अल्कता कमी होते, थर नाहीसा होतो आणि सळई गंजू लागते. गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. तो आतून दाब देतो आणि काँक्रीट सळईच्या रेषेतच फाटते. म्हणून गिलाव्यावरची केसासारखी वाकडीतिकडी भेग बहुधा किरकोळ असते. पण खांबावर किंवा तुळईवर सळईच्या दिशेने गेलेली सरळ भेग, तिच्याभोवती तांबूस डाग आणि फुगवटा ही गंभीर लक्षणे होत.

संशय आला की पुढच्या चाचण्या असतात. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा टणकपणा पाहणारी रिबाउंड हॅमर चाचणी. काँक्रीटमधून ध्वनिलहरी किती वेगाने जातात ते मोजणारी श्राव्यातीत चाचणी. आणि फिनॉल्फ्थॅलीन या द्रावाची चाचणी. हा द्राव ताज्या फोडलेल्या काँक्रीटवर शिंपडला की निरोगी भाग गुलाबी होतो आणि अल्कता गमावलेला भाग रंगहीन राहतो. रुग्णाच्या रक्ततपासणीसारख्याच या चाचण्या आहेत. त्या प्रत्येक वेळी कराव्या लागत नाहीत. मात्र कधी कराव्यात हे अभियंताच ठरवू शकतो.

मग आम्ही घरात गेलो. ताज्या रंगाचा वास दरवळत होता. अभियंत्याने एका भिंतीला टेकलेले लाकडी कपाट पुढे ओढायला सांगितले. मागे जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत रंग फुगला होता, पांढरा लोणा बाहेर आला होता आणि कोपऱ्यात काळपट बुरशी धरली होती. कपाट हलवणे जड, म्हणून रंगाऱ्याने तेवढी भिंत तशीच सोडली असावी. ओल मोजणारे यंत्र भिंतीला लावताच आकडा चढला. ही ओल जमिनीतून वर चढत होती. न्हाणीघराच्या छताला वेगळीच ओल होती. ती वरच्या घरातून येत होती.

काकूंनी पदर नाकाला लावला. त्यांना खोकला सुरू झाला होता.

ओल आणि श्वास

ओल म्हणजे केवळ भिंतीचे रूप बिघडणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातली ओल आणि बुरशी या विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. ओल्या घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दम्याची तीव्रता आणि श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा त्रास अधिक होतो, हे तिच्यात मांडलेले आहे. दमा किंवा फुप्फुसाचा जुना विकार असलेल्या वृद्धांनी घर घेताना ओल हा पहिला प्रश्न मानावा. अशा घरात औषधाची मात्रा वाढत जाते आणि कारण मात्र भिंतीत बसलेले असते.

रंगाच्या थराखाली ओल काही महिने लपते. म्हणून शक्य असल्यास घर पावसाळ्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास पाहावे. ते जमत नसेल तर अभियंत्याला पुढील तीन गोष्टी आवर्जून करायला सांगाव्यात. एक, कपाटे आणि पलंग हलवून मागच्या भिंती पाहाव्यात. दोन, न्हाणीघराची मोरी बंद करून तेथे पाणी साठवावे, चोवीस तास ठेवावे आणि खालच्या घराच्या छताला ओल येते का ते पाहावे. तीन, वरच्या मजल्यावरचे घर असेल तर गच्चीचा उतार, पन्हाळी आणि जलरोधक थर यांची पाहणी करावी. याच फेरीत दारांच्या चौकटी आणि कपाटांची मागची फळी यांना वाळवी लागली आहे का, तेही तपासावे.

उतारवयाची स्वतंत्र तपासणी

अभियंता घराचे आरोग्य पाहतो. त्या घरात आपले आरोग्य टिकेल का, हे आपण त्याला विचारायचे असते. सर्वसाधारण अहवालात या बाबी येत नाहीत. म्हणून त्या कागदावर लिहून त्याच्या हाती द्याव्यात.

दारांची रुंदी मोजून घ्या. चाकांची खुर्ची साधारण ६५ सेंटिमीटर रुंद असते आणि ती चालवणाऱ्याच्या हातांना दोन्ही बाजूंनी थोडी मोकळी जागा हवी. अनेक जुन्या घरांत न्हाणीघराचे दार सव्वादोन-अडीच फुटांचेच असते. आज खुर्चीची गरज नसेल. पण मांडीचे हाड मोडल्यानंतर ती लागू शकते. दार रुंद करता येईल का, की त्या भिंतीत खांब आहे, हे अभियंता सांगू शकतो.

न्हाणीघराची भिंत आधाराची दांडी पेलेल का, ते विचारा. पातळ किंवा पोकळ विटांच्या भिंतीत साध्या स्क्रूने बसवलेली दांडी घसरणाऱ्या माणसाच्या भाराने उखडून येते. आधार आहे असे वाटून माणूस अधिक निर्धास्त होतो आणि पडणे अधिक जोराचे होते.

तळमजला म्हणजे पायऱ्या नाहीत, असे समजू नये. प्रवेशद्वारापाशी तीन-चार पायऱ्या असतातच. तेथे उतरण बांधायची तर एक फूट उंचीला किमान बारा फूट लांबी लागते. तेवढी जागा आहे का आणि संस्था परवानगी देईल का, हे आधीच पाहावे.

लिफ्ट असेल तर तिच्यात रुग्णाला आडवे झोपवून नेता येईल का, ती प्रत्येक मजल्यावर थांबते की दोन मजल्यांच्या मधल्या जिन्यावर, वीज गेल्यावर ती चालते का, हे पाहावे. रुग्णवाहिका फाटकातून आत येऊ शकते का, हा प्रश्नही त्याच वेळी विचारावा.

विजेची तपासणी स्वतंत्र करून घ्यावी. भूयोजन, म्हणजे अर्थिंग, नीट आहे का. विजेचा प्रवाह गळू लागताच तो तोडणारे, ३० मिलिअँपिअर क्षमतेचे सुरक्षा उपकरण बसवले आहे का. आणि घरात प्राणवायू यंत्र, गीझर व वातानुकूलक एकाच वेळी चालतील एवढ्या जाडीच्या तारा आहेत का. ओल्या न्हाणीघरात उघड्या पायांनी वावरणाऱ्या वृद्धासाठी ते लहानसे उपकरण प्राणरक्षक ठरते.

पाणी नगरपालिकेचे, विंधनविहिरीचे की टँकरचे, टाकी शेवटची कधी धुतली, आणि घर नदीकाठी असल्यास ते पूररेषेच्या आत आहे का, हेही विचारावे. आपल्या राज्यात जलसंपदा विभाग २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. तळमजला निवडणाऱ्याने हे नकाशे पाहावेतच. रात्री दोन वाजता पाणी शिरले तर गुडघे धरलेल्या माणसाला वरच्या मजल्यावर कोण नेणार?

इमारतीची कुंडली मागा

सदनिका घेताना आपण चार भिंती घेतो, पण त्या भिंती उभ्या असतात इमारतीच्या खांबांवर. म्हणून सोसायटीकडून संरचना परीक्षणाचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा अहवाल मागावा. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे परीक्षण दर ५ वर्षांनी आणि ३० वर्षांवरील इमारतीचे दर ३ वर्षांनी होणे अपेक्षित आहे. मुंबईत महापालिका कायद्याच्या कलम ३५३-ब नुसार ३० वर्षांवरील इमारतींचे परीक्षण बंधनकारक आहे. अहवाल नाही असे उत्तर आले, तर तेही एक उत्तरच समजावे.

त्याचबरोबर गेल्या दोन-तीन वार्षिक सभांची इतिवृत्ते वाचावीत. मोठ्या दुरुस्तीची वर्गणी ठरली आहे का? पुनर्विकासाची चर्चा आहे का? पुनर्विकासात नवे घर मिळते, हे खरे. परंतु तोवर काही वर्षे भाड्याच्या घरात काढावी लागतात. पंच्याहत्तरीत सामान बांधून अनोळखी वस्तीत जाणे, ओळखीचा डॉक्टर आणि शेजार सुटणे, हे शरीराला आणि मनाला किती जड जाते, ते या सदराच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. हा धोका पत्करायचा की नाही, ते आपण ठरवावे; पण तो पैसे देण्यापूर्वी माहीत असावा.

नव्या कोऱ्या घरालाही तपासणी हवी. ताबा घेण्यापूर्वी अभियंत्यासह घर फिरून उणिवांची लेखी यादी करावी आणि चटई क्षेत्र मोजून घ्यावे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याच्या कलम १४ नुसार, ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला संरचनात्मक दोष किंवा कामाच्या दर्जातली उणीव निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने ती ३० दिवसांत विनामूल्य दूर करावयाची असते. मात्र दोष निदर्शनास आणायचा तर तो कोणाला तरी दिसावा लागतो.

जबाबदारी घेणाऱ्या मुलामुलींसाठी

आईवडिलांसाठी घर पाहणाऱ्या मुलांना चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

अभियंता आपण स्वतः निवडावा. दलालाने किंवा विकणाऱ्याने सुचवलेला नको. काय तपासणार, कोणत्या चाचण्या करणार आणि मानधन किती, हे आधी लेखी ठरवावे. घराच्या किमतीच्या मानाने हे मानधन अल्प असते.

अहवाल लेखी, स्वाक्षरीचा आणि छायाचित्रांसह हवा. 'घर ठीक आहे' हे तोंडी वाक्य उपयोगाचे नाही. कोणता दोष तातडीचा, कोणता दोन वर्षांत दुरुस्त करावा लागेल आणि कोणता केवळ दिसायला वाईट आहे, अशी विभागणी आणि अंदाजे खर्च त्यात असावा. परदेशी किंवा परगावी असलेल्या मुलांनी तपासणीच्या वेळी दूरचित्रसंवादावर अवश्य उपस्थित राहावे; पण निर्णय कागदावरूनच घ्यावा.

बयाणा देण्यापूर्वी तपासणी करावी. विकणारा आधी बयाणा मागत असेल, तर 'तपासणी अहवाल समाधानकारक नसल्यास रक्कम परत' अशी अट वकिलांकडून लिहून घ्यावी. रक्कम अडकली की माणूस दोषाकडे डोळेझाक करू लागतो.

आणि चौथी गोष्ट. तपासणीच्या वेळी आईवडिलांना सोबत न्यावे. त्या घरात वावरायचे आहे त्यांना. कोणत्या खिडकीपाशी आई सकाळी बसेल, बाबांना रात्री न्हाणीघरापर्यंत किती पावले चालावी लागतील, हे त्यांच्या चालण्यावरूनच कळते.

भीड कशी मोडावी?

पुन्हा काकांच्या प्रश्नाकडे वळतो. अभियंता आणायचा म्हटल्यावर समोरच्याला काय वाटेल? काकांनी त्यांच्या सहकाऱ्यांना फोन करून सरळ सांगितले, "या वयात एकदाच घर घ्यायचे आहे. हिला दम्याचा त्रास आहे. मुलीच्या समाधानासाठी एकदा दाखवून घेतो. तुमची हरकत नसावी." पलीकडून लगेच होकार आला. सरळपणे आणि सन्मानाने विचारले, तर बहुतेकदा असेच घडते. आणि ज्याला तपासणी नकोच आहे, त्याचा नकार आपल्याला पुष्कळ काही सांगून जातो.

अहवाल आला. भिंतीतली ओल काढायचा खर्च, न्हाणीघराच्या वरच्या बाजूचे काम आणि वाहनतळातल्या तीन खांबांची दुरुस्ती. शेवटचे काम संपूर्ण इमारतीचे होते आणि ते लवकर करणे आवश्यक होते. काका अहवाल घेऊन स्वतः त्या सहकाऱ्यांकडे गेले. आपण घर घेणार नाही, हे सांगताना त्यांचा आवाज जड झाला होता, असे काकू नंतर म्हणाल्या.

सहकाऱ्यांनी अहवाल दोनदा वाचला. खांबांची छायाचित्रे ते बराच वेळ पाहत राहिले. वर सोळा कुटुंबे राहत होती. त्यांची स्वतःची नातवंडे त्याच वाहनतळात खेळत होती. ते एवढेच म्हणाले, "सर, घर तुम्ही घेऊ नका. पण हा कागद मला द्या. रविवारी सभा बोलावतो."

त्या सोसायटीने उन्हाळ्यात संरचना परीक्षण करून घेतले आणि पावसाळ्यापूर्वी खांबांचे काम पूर्ण केले. काकाकाकूंना घर मिळायला आणखी सात महिने लागले. ते सात महिने काकूंनी तिसऱ्या मजल्यावर चढ-उतार करतच काढले. हा काळ सोपा नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आता ते लिफ्ट असलेल्या इमारतीत पहिल्या मजल्यावर राहतात. ते घरही त्यांनी तपासून घेतले. त्यात दोन उणिवा निघाल्या आणि विकणाऱ्याने त्या खरेदीखतापूर्वी दुरुस्त करून दिल्या. यंदाच्या पावसाळ्यात काकूंना दम्याच्या तीव्र झटक्यासाठी रुग्णालयात जावे लागले नाही. याचे सारे श्रेय घराला देणे वैद्यकीय दृष्ट्या योग्य होणार नाही. त्यांनी औषधेही नेमाने घेतली. पण त्यांच्या पलंगामागची भिंत कोरडी आहे, याचा त्यात काहीच वाटा नाही असेही मी म्हणणार नाही.

आणि दोन्ही शिक्षकांची मैत्री? दर गुरुवारी सायंकाळी ते दोघे नव्या घराच्या गॅलरीत चहा घेतात.

वाचकहो, आपल्यापैकी कोणी या दिवाळीच्या सुमारास घर पाहत असेल, तर भिंतीचा रंग जरूर पाहा; परंतु कपाट पुढे ओढून मागची भिंतही पाहा. आणि ती पाहण्यासाठी जाणकार माणूस सोबत न्या. उतारवयातले घर हे विसाव्याचे ठिकाण आहे. ते निर्धास्तपणे पाठ टेकता येईल असे असावे, हीच सदिच्छा.